आक्षेपाचा अधिकार कुणाचा?

पिंपळनेरच्या बसस्थानकावरून नाशिककडे किंवा सुरतेकडे गाडी निघते, तेव्हा तिच्यात पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातील दोन-चार शिकलेली मुले हमखास असतात. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जाणारी कुटुंबे ट्रकमधून जातात आणि पदवी घेतलेली मुले एस.टी.ने जातात; गेल्या पिढीत शिक्षणाने या पट्ट्यात केलेला फरक पुष्कळदा एवढाच दिसतो. अशा गाडीत बसलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. कोकणा समाजातील, घरातली पहिली पदवीधर. महाविद्यालय संपून दोन वर्षे झाली. शिक्षक भरतीची वाट पाहून झाली, अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करून झाला. आता तिच्या पिशवीत एक नेमणूकपत्र आहे. शहरातील एका ख्रिस्ती संस्थेच्या बेघर निवारागृहात काळजीवाहक म्हणून तिला उद्या रुजू व्हायचे आहे. पगार बेताचा, पण राहण्या-जेवणाची सोय आहे आणि महिन्याच्या महिन्याला पैसे मिळण्याची हमी आहे.

गाडी सुटण्यापूर्वीच ही वार्ता ओट्यावर पोहोचलेली असते. 'पोर हातची गेली', हा निर्णय तिथे झटकन होतो. कुणी मिशनऱ्यांच्या पैशावर बोलतो, कुणी पाड्यावर दर आठवड्याला भरणाऱ्या प्रार्थनासभेची आठवण काढतो, कुणी तिच्या बापाला समज देण्याची भाषा करतो. ती तिथे जाऊन करणार काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या म्हाताऱ्याच्या जखमेतील अळ्या काढणे, अंथरुणात झालेली घाण धुणे, वेड लागलेल्या बाईच्या डोक्यातील जटा कापणे, रात्रपाळीला जागणे आणि पहाटे कुणी गेलाच तर त्याच्या उशाशी उभे राहणे, हे ते काम आहे. ओट्यावर बसलेल्यांपैकी किती जण ते एक दिवस तरी करतील?

धर्मांतराचा प्रश्न काल्पनिक नाही, हे येथे आधीच स्पष्ट केले पाहिजे. तो काल्पनिक आहे असे सांगणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांनी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा १९५६ चा अहवाल उघडून पाहावा. जुन्या मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली नेमलेल्या त्या समितीने गावोगावी फिरून साक्षी नोंदवल्या, आणि शाळा, रुग्णालय, अनाथालय यांचा उपयोग धर्मप्रसारासाठी कसा होतो ते मांडले. सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत निर्णय दिला की, घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा अधिकार दिला असला तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार त्यात येत नाही. भुकेल्याच्या ताटात भाकरीबरोबर अट वाढणे हा भुकेचा व्यापार आहे, मग तो कुणीही करो. याविषयी हिंदू समाजाने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

परंतु आक्षेप योग्य असणे आणि आक्षेप घेण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा अधिकार कशाने मिळतो, याचे उत्तर पिंपळनेरकरांना अन्यत्र शोधण्याची आवश्यकता नाही. ते त्यांच्याच तालुक्यात, त्यांच्या उंबरठ्याशी मिळते.

१ जुलै २०१८. रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही कुटुंबे पिंपळनेर परिसरात पाल ठोकून उतरली होती. हे लोक सोलापुरातील मंगळवेढ्याकडचे. गोरक्षनाथांचे नाव घेत, दारोदार भिक्षा मागत पिढ्यानुपिढ्या महाराष्ट्र फिरणारा हा समाज आहे. भगवी वस्त्रे, गळ्यात माळ, मुखी नाथांचे नाव. त्यांच्यापैकी पाच जण त्या बाजारात भिक्षेला गेले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून रानोमाळ पसरली होती. कुणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारण्यात आले. मृतदेह पिंपळनेरच्या रुग्णालयात आणले गेले, तेव्हा पालांवरच्या त्यांच्या बायकांनी केलेला आक्रोश गावाने ऐकला आहे. अवघ्या सोळा दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत सर्व राज्यांना आदेश दिले.

ते पाचही जण हिंदू होते. त्यांना मारणारा जमाव बाहेरून आलेला नव्हता. त्यांच्या अंगावरचा भगवा रंग त्यांना वाचवू शकला नाही, कारण त्या बाजारात त्यांना ओळखणारे कुणी नव्हते. ओळख कोठून असणार? ज्याला घर नाही त्याला पत्ता नसतो, पत्ता नसतो त्याला कागद नसतो, आणि कागद असलाच तर तो जमावापुढे चालत नाही. या समाजाची एक पिढी जरी पिंपळनेरसारख्या गावी चार महिने पक्क्या छपराखाली राहिली असती, तिची मुले तिथल्या शाळेत बसली असती, तिथल्या दुकानदाराला तिची नावे ठाऊक असती, तर त्या रविवारी एखादा तरी आवाज उठला असता की, 'अरे, हे तर आपल्या मुक्कामाचे गोसावी!' निवाऱ्याचा खरा उपयोग पावसापासून रक्षण करण्यापुरता नसतो. त्याने माणूस गावाच्या ओळखीचा होतो.

आता कुणी म्हणेल, निवारा देणे हे शासनाचे काम आहे. शासनाने काय केले तेही पाहू. भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोग झाला, त्याचा अहवाल २००८ साली आला. पुढे भिकूजी तथा दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखाली आयोग झाला, त्याचा अहवाल २०१८ च्या आरंभी, राईनपाड्याच्या काही महिने आधी, सादर झाला. महाराष्ट्रात २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना कागदावर आहे. शहरी बेघरांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह, तेही बारा महिने चोवीस तास उघडे, असा दंडक आला आणि २०१३ नंतर केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात त्याची स्वतंत्र योजना झाली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यांतील २ लाख १० हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. लाखाच्या त्या मापात पिंपळनेर बसतच नाही. पाल घेऊन हिंडणारा भटका तर कोणत्याच शहराच्या लाखात मोजला जात नाही. मग या फटीत उरलेल्या माणसाकडे पाहायचे कुणी? आजवर या फटीत मिशनऱ्यांनी पाय घातला, आणि हिंदू समाजाने ओट्यावर बसून त्यांच्या पायांकडे बोट दाखवले. नवापूरजवळचे चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय १९४० च्या दशकापासून उभे आहे. त्याच्या दारात रांग का लागते, हे तिथल्या भिल्ल-मावची आयाबायांना विचारावे. त्या येशूसाठी गेल्या की बाळंतपणासाठी?

पुण्याचा इतिहासही याच वळणावर नेतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. घरातून हाकललेल्या, केशवपन झालेल्या बालविधवांना तिथे छप्पर मिळाले, अक्षरओळख मिळाली. अमेरिकेतून येणाऱ्या पैशावर चालणाऱ्या त्या सदनात धर्माचे शिक्षण देणार नाही, असे वचन होते. परंतु मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचे बाहेर आले, 'केसरी'ने झोड उठवली आणि १८९३ साली न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनाही सल्लागार मंडळातून बाहेर पडावे लागले. वचनभंग हा वचनभंगच, आणि लोकमान्यांचा आक्षेप बिनतोड होता. पालकांनी मुली काढून नेल्या. पण काढून नेलेल्या मुली कुठे गेल्या? त्याच घरांत, त्याच माजघरांत, त्याच आलवणांत. आक्षेपाने सदन ओस पडले असेल, परंतु एकाही विधवेच्या डोक्यावर दुसरे छप्पर आले नाही.

ते आणले धोंडो केशव कर्वे यांनी. त्याच १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन ख्रिस्ती म्हणून अण्णांनी त्यांना नाकारले नाही, आणि सदनात राहिल्यामुळे बायांचे हिंदुत्वही गेले नाही. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. अण्णा पुण्यातील कॉलेजात शिकवून पायी हिंगण्याला जात. त्या झोपडीने जे केले ते वृत्तपत्रातल्या दहा अग्रलेखांनी झाले नसते, असे म्हटल्याने लोकमान्यांचा अवमान होत नाही. अग्रलेखाचे काम वेगळे आणि झोपडीचे वेगळे. ओट्यावरच्या मंडळींनी मात्र अग्रलेखाचा वारसा तेवढा घेतला आहे, झोपडीचा नाही.

संघविचाराच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते सदाशिव गोविंद कात्रे यांचे आहे. रेल्वेत नोकरी करणारा हा मराठी माणूस. त्याला कुष्ठरोग झाला आणि पाहता पाहता घर, नाती, नोकरी, सारे त्याच्या हातून सुटले. त्या काळी कुष्ठरोग्याला अंगणातही उभे करीत नसत. त्याला आत घेतले ते ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयाने, आजच्या छत्तीसगडमध्ये. ही गोष्ट नोंदवताना अनेक जण घाईने पुढे जातात, पण येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या दिवशी हिंदू समाजाने कात्र्यांना बाहेर काढले, त्या दिवशी मिशनने त्यांना अंथरूण दिले. त्या अंथरुणावर पडून कात्र्यांनी पाहिले की औषधाबरोबर धर्मही दिला जातो, आणि असहाय रोगी तो नाकारू शकत नाही. त्यांनी तिथेच विरोध केला. विरोध करून ते थांबले असते तर त्यांची नोंद एखाद्या तक्रारवहीत राहिली असती. श्रीगुरुजींची प्रेरणा घेऊन १९६२ साली, स्वतःची बोटे झडलेली असताना, त्यांनी चांपाजवळच्या सोठी गावी भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. नियोगी समितीचा अहवाल प्रसिद्ध होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. अहवालाला जे जमले नाही ते एका महारोग्याच्या झोपडीने केले.

पुढे १९७२ साली तिथे दामोदर गणेश बापट आले. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे. आधी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमात मुलांना शिकवत होते. बापटांची त्या आश्रमातली नवी नोकरी, तिला नोकरी म्हणायचे तर, कशी होती? पगार नाही. सोबत कुष्ठरोगी, त्यांच्याच हातचे जेवण, त्यांच्याच शेजारी झोप. शेती, दऱ्या विणणे, खडू बनवणे अशा कामांतून रोग्यांना भिकेकडून कष्टाकडे वळवणारा हा माणूस जवळजवळ अर्धशतक तिथून हलला नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात कित्येकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. पुढच्याच वर्षी ते गेले, आणि देहही दान करून गेले. कात्रे-बापटांच्या त्या आश्रमाला मिशनविरुद्ध मोर्चा काढावा लागल्याचे ऐकिवात नाही. रोगी आपल्या पायांनी तिकडे आले.

याच्या उलट जे घडले त्याचाही हिशेब मांडावा. १९९८ च्या नाताळात पिंपळनेरच्या शेजारच्या डांगमध्ये प्रार्थनागृहांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात कुष्ठरोग्यांत काम करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत झोपली असताना जिवंत जाळली गेली. हे पाप होते, आणि हिंदू म्हणवणाऱ्यांच्या हातून झाले. अटलजी डांगला गेले, त्यांनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हटले. पण जळलेल्या छपरांनी त्या चर्चेची हवाच काढून घेतली. त्या आगीने डांगातल्या एका तरी वनवाशाला दवाखाना मिळाला काय? एका तरी बेघराला खाट?

फेब्रुवारी २०१५ मधील एक प्रसंग वाचकांना आठवत असेल. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी मदर तेरेसांच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू होता असे विधान केले आणि दूरचित्रवाणीवर आठवडाभर गदारोळ चालला. ते विधान कुठे केले गेले, हे मात्र ना टीकाकारांनी सांगितले ना समर्थकांनी लक्षात ठेवले. ते राजस्थानात भरतपूरजवळ, 'अपना घर' आश्रमाच्या कार्यक्रमात केले गेले. डॉ. बी. एम. भारद्वाज आणि त्यांच्या पत्नी माधुरी यांनी २००० साली सुरू केलेल्या या आश्रमात रस्त्यावर पडलेले, किडे पडलेले, भान हरपलेले हजारो लोक आजवर आणले गेले. तिथे त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, 'प्रभुजी' म्हणतात. भाषणातील अर्धे वाक्य सर्वांच्या तोंडी आणि ज्या दारात ते उच्चारले गेले त्या दाराचा पत्ता कुणाच्याच खिशात नाही, हेच या प्रश्नाचे दुखणे आहे. महाराष्ट्रातही नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना घरी आणतात. यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांची, भटक्यांची मुले पोटाशी धरली. उदाहरणे आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी. खानदेशात तर बोटेही उरतात.

हे सारे मान्य करूनही त्या मुलीला नोकरी देणाऱ्या संस्थेला काही विचारायचे राहतेच, आणि ते ओट्यावरून नव्हे, समोर बसून विचारले पाहिजे. सेवा निरपेक्ष असेल तर ती लेखी मांडण्यात अडचण काय? नेमणूकपत्रात कामाचे तास आहेत, पगार आहे. सकाळच्या प्रार्थनेला हजर राहणे हा नोकरीचा भाग आहे की नाही, हे का नाही? घटनेचे २८ वे कलम शासनमान्य शाळेतल्या विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाच्या सक्तीपासून वाचवते. निवारागृहातल्या कर्मचाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणून हा खुलासा तिने पहिल्याच दिवशी मागावा. रस्त्यावरून आणलेल्या माणसाच्या नोंदवहीत त्याचा धर्म त्याने सांगितला तसा लिहिला जातो काय? शुद्ध हरपलेल्याच्या कपाळावर पाणी शिंपडले जात नाही ना? कुणी गेला तर त्याचा अंत्यसंस्कार त्याच्या रीतीने होतो की संस्थेच्या? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेशी हिंदू समाजाचे भांडण असण्याचे कारण नाही. मुंबईत भायखळ्याचे 'आशा दान' १९७६ पासून हिंदुस्थान लिव्हरने दिलेल्या जागेत चालते; तिथे टाकलेली मुले आणि निराधार राहतात, आणि त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक हिंदूच असणार. डिसेंबर २०२१ मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीचा परदेशी निधीचा परवाना काही दिवस अडला आणि जानेवारीत परत मिळाला. त्या दिवसांत परवाना अडला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण तिथल्या एका तरी मुलाचा खर्च उचलायला पुढे झाले?

त्या मुलीनेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती तिथे भाकरीसाठी जात आहे, त्यात लाज नाही. जखम धुण्याची, औषधाच्या वेळा पाळण्याची, भ्रमिष्टाशी न रागावता बोलण्याची जी विद्या तिथे मिळेल, ती घ्यावी. कुलदैवत घरी ठेवून जाण्याची गरज नाही, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला रजा मागायची लाज नको. गोदूबाई शारदा सदनातून हिंगण्याला आल्या. ही मुलगी तिथून परत येईल तेव्हा तिच्यासाठी पिंपळनेरात काय असेल?

ते ठरवणे ओट्यावरच्या मंडळींच्या हाती आहे. गावात सभागृहे बांधली जातात, सप्ताहाच्या पंगतींना हजारोंची पाने उठतात, मंदिरांच्या कळसांना वर्गणी कमी पडत नाही. त्याच वर्गणीतून गावाच्या कडेला चार खोल्या, एक नळ, दोन शौचालये आणि त्या मुलीला मिळतो तेवढा पगार देऊन नेमलेली एक काळजीवाहक, एवढे उभे राहू शकते. पाऊस संपला की मंगळवेढ्याकडची पाले पुन्हा या वाटेने येतील. त्यांतल्या मुलांची नावे या वर्षी शाळेच्या हजेरीवर कोण चढवणार, आणि रविवारी राईनपाड्याच्या बाजाराला निघालेल्या गोसाव्याबरोबर पिंपळनेरचा कोण माणूस चालत जाणार?